राजाजवळील प्यादे केव्हा हलवावे?



पहिले सत्र सरत आले की तालुका पातळीवरील क्रीडास्पर्धांची पत्रके शाळांवर येऊ लागतात. कबड्डी, खो-खो यांच्या जोडीने बुद्धिबळाचेही नाव त्यात असते. आपल्या खानदेशात या खेळास आता चांगले दिवस आले आहेत. जळगावच्या जैन हिल्सवर राष्ट्रीय पातळीच्या स्पर्धा भरल्या आहेत. शेजारच्या नाशिकचे विदित गुजराथी २०२४ साली बुडापेस्ट येथे ऑलिंपियाडचे सुवर्णपदक मिळविणाऱ्या भारतीय संघात होते, आणि नागपूरच्या दिव्या देशमुख यांनी २०२५ साली महिलांचा विश्वचषक जिंकला. साहजिकच खेड्यातील मुलेही पट मांडून बसू लागली आहेत आणि आपल्याकडे प्रश्न घेऊन येत आहेत. अशाच एका प्रश्नाविषयी या पाठात विचार करावयाचा आहे. डावाच्या आरंभीच राजाजवळची प्यादी पुढे सरकविणे धोक्याचे आहे काय?

प्रश्न लहान दिसतो. परंतु त्याचे उत्तर चुकीच्या रीतीने दिल्यास मुलाची किती हानी होते, हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. ती हकीकत प्रथम सांगतो.

एक अनुभव

तीस वर्षांपूर्वी मी तापीकाठच्या एका द्विशिक्षकी शाळेत होतो. गावच्या पारावर काही वृद्ध मंडळी सायंकाळी बुद्धिबळ खेळत. तो खेळ जुन्या देशी चालीचा. त्यात प्यादे एका वेळी एकच घर पुढे जाई, किल्लेकोट नसे, आणि राजास शह बसण्यापूर्वी एकदा घोड्याच्या चालीने उडी घेता येई. मी त्यांच्याकडूनच खेळ शिकलो व तोच चौथीच्या एका हुशार मुलास शिकविला. पुढे त्याला तालुक्याच्या स्पर्धेस नेले. तेथे आंतरराष्ट्रीय नियम होते. ते मला ऐकून माहीत होते, परंतु अंगवळणी पडलेले नव्हते. सकाळी एस्. टी.मध्ये बसल्या बसल्या मी मुलास एवढेच सांगितले की, येथे प्यादे पहिल्या चालीत दोन घरे जाऊ शकते.

पहिल्या डावात त्याच्याकडे पांढरी मोहरी होती. पारावरच्या सवयीने त्याने राजाच्या उंटापुढील प्यादे एक घर सरकविले. मग नवी सवलत आठवून घोड्यापुढील प्यादे दोन घरे पुढे टाकले. प्रतिस्पर्ध्याने वजीर बाहेर काढला आणि मात झाली. डाव दुसऱ्याच खेळीत संपला होता. मुलगा माझ्याकडे आला व म्हणाला, “सर, माझं काय चुकलं?” मी घाईने उत्तर दिले, “राजाजवळची प्यादी अजिबात हलवायची नाहीत.”

दुसऱ्या डावात त्याच्याकडे काळी मोहरी आली. समोरच्या मुलाने वजीर आणि उंट यांचा रोख त्याच्या राजाशेजारील प्याद्यावर धरला. तेथे एक प्यादे एक घर पुढे सरकविले असते तर वजिराची वाट बंद होऊन डाव सावरला असता. त्याने ते हलविले नाही. चौथ्या खेळीस मात झाली. बाहेर आल्यावर तो रडला नाही. एवढेच म्हणाला, “तुम्हीच सांगितलं होतं ना सर, हलवायचं नाही म्हणून.” त्यानंतर तो स्पर्धेस येण्यास पुन्हा राजी झाला नाही.

त्या दिवशी माझ्याकडून दोन चुका झाल्या. मला नीट न येणारी गोष्ट मी शिकविली, ही पहिली. दुसरी अधिक मोठी. मुलाने कारण विचारले असता मी त्याला मनाई दिली. पुढील विवेचन या दुसऱ्या चुकीच्या दुरुस्तीसाठी आहे.

घरांची नावे

विवेचनास सोपे जावे म्हणून घरांच्या नावांची उजळणी करू. प्रत्येक खेळाडूच्या उजव्या हाताच्या कोपऱ्यात पांढरे घर येईल असा पट मांडावा. पांढऱ्या मोहऱ्यांच्या बाजूने पाहता डावीकडून उजवीकडे उभ्या ओळींना ए, बी, सी, डी, ई, एफ, जी व एच अशी नावे आहेत. आडव्या ओळींना पांढऱ्याकडून काळ्याकडे १ ते ८ असे अंक आहेत. पांढरा राजा ई-१ वर व वजीर डी-१ वर असतो. काळा राजा ई-८ वर व वजीर डी-८ वर असतो. राजाजवळची प्यादी म्हणजे मुख्यतः एफ, जी आणि एच या ओळींतील तीन प्यादी होत. किल्लेकोट केल्यावर राजा बहुधा यांच्याच आड जाऊन बसतो.

रावेर-यावलकडील शिक्षकांना एक दाखला देता येईल. केळीच्या बागेभोवती वारा अडविण्यासाठी शेवरी लावतात. तिच्यातून उत्पन्न मिळावे हा तेथे हेतू नसतो; ती आहे म्हणून आतली बाग उभी राहते. ही तीन प्यादी म्हणजे राजाची शेवरी होय. आणखी एक गोष्ट मुलांच्या मनावर ठसवावी. घोडा, उंट, हत्ती, वजीर यांना चूक कळल्यावर मागे घेता येते. प्यादे कधीही मागे येत नाही.

पहिला पट : दोन खेळींची मात

पांढरा एफ-२ वरील प्यादे एफ-३ वर नेतो. काळा ई-७ वरील प्यादे ई-५ वर नेतो. पांढरा जी-२ वरील प्यादे जी-४ वर नेतो. काळा वजीर डी-८ वरून एच-४ वर येतो आणि मात होते.

येथे थांबून मुलांना विचारावे, “वजिरापासून राजापर्यंतची तिरपी वाट कोणकोणत्या घरांवरून जाते?” मुले बोट ठेवून सांगतील: एच-४, जी-३, एफ-२, ई-१. एफ-२ चे घर प्याद्याने पहिल्या खेळीत मोकळे केले. जी-३ वर काहीच नाही, कारण तेथे थांबू शकणारे प्यादे थेट जी-४ वर गेले. आता जी-मधील प्यादे जी-३ वर ठेवून पुन्हा विचारावे, “आता वजीर एच-४ वर आला तर?” जी-३ वरील प्यादे त्याला मारील, हे मूल स्वतःच ओळखील.

जुना खेळ व नवा खेळ यांतील भेद येथेच ध्यानी येतो. देशी खेळात प्यादे एकच घर चाले, म्हणून ते जी-३ वर थांबे व वाट बंद राही. शिवाय जी-२ मोकळे झाले की ई-१ वरील राजा घोड्याच्या उडीने तेथे जाऊन बसू शके. म्हणजे त्या खेळात हे प्यादे सरकविणे ही राजाचे घर बांधण्याची तयारी होती. नव्या खेळात राजा किल्लेकोट करून जी-१ वर जातो. तेथे जी-२ चे प्यादे जागेवर असणे हिताचे असते. माझ्या विद्यार्थ्याने पहिली चाल जुन्या खेळातली केली व दुसरी नव्या खेळातली, आणि या मिश्रणात तो सापडला.

एका खेळातून दुसऱ्यात जाताना होणारा हा गोंधळ नवा नाही. १८१४ साली मुंबईत तिरुवेंगडाचार्य शास्त्री यांचे बुद्धिबळावरील एक पुस्तक इंग्रजीत प्रसिद्ध झाले. मूळ संस्कृत ग्रंथावरून केलेला हा अनुवाद युरोपीय चालीस जुळवून घेतलेला होता. देशी खेळात वाढलेल्यांनी न्यूनगंड बाळगण्याचेही कारण नाही. पंजाबचे मीर सुलतान खान देशी चालीत तयार झाले आणि पुढे नवे नियम शिकून १९२९, १९३२ व १९३३ अशी तीन वर्षे त्यांनी ब्रिटिश अजिंक्यपद मिळविले.

दुसरा पट : राखण करणारे प्यादेच घात करते

पांढरा ई-४, काळा ई-५. पांढरा घोडा एफ-३ वर येऊन ई-५ च्या प्याद्यावर रोख धरतो. नवशिका मुलगा विचार करतो, “प्याद्याची राखण प्याद्यानेच करू,” आणि एफ-७ वरील प्यादे एफ-६ वर नेतो.

आता पांढरा घोडा ई-५ वरील प्यादे मारतो. काळ्याने एफ-६ वरील प्याद्याने घोडा मारला, तर पांढरा वजीर डी-१ वरून एच-५ वर येऊन शह देतो. काळ्याने जी-६ वर प्यादे आडवे घातले, तर वजीर ई-५ वरील प्यादे मारून पुन्हा शह देतो आणि त्याच वेळी एच-८ च्या कोपऱ्यातील हत्तीवरही रोख धरतो. शह निवारावा लागतो, म्हणून हत्ती जातो. प्यादे आडवे न घालता राजा ई-७ वर गेला, तर वजीर ई-५ वर शह देऊन त्याला एफ-७ वर रेटतो, आणि सी-४ वर येणारा उंट तेथेही त्याला स्वस्थ बसू देत नाही. काळ्याने घोडा मारण्याचा मोह टाळला तर एवढी दुर्दशा होत नाही, परंतु वेळ जातो आणि राजाशेजारची फट कायम राहते.

या बचावास पोर्तुगालच्या दामियानो यांचे नाव चिकटले आहे. त्यांचे पुस्तक १५१२ साली रोम येथे छापले गेले. गंमत अशी की, ही चाल वाईट आहे हे त्यांनीच दाखविले होते.

मुलांना विचारावे, “मग राखण कोणी करावी?” बी-८ वरील घोडा सी-६ वर आणल्यास प्याद्याची राखण होते, एक मोहरा बाहेर पडतो आणि राजापुढील भिंत अखंड राहते. एका खेळीत तीन कामे होतात. शिवाय एफ-६ हे राजाकडील घोड्याचे उत्तम घर आहे. तेथे प्यादे बसविल्यास घोड्याची जागाच जाते.

तिसरा पट : एकच चाल, केव्हा चूक आणि केव्हा बरोबर

हा पट या पाठाचा गाभा आहे. वेळ कमी असल्यास पहिले दोन पट संक्षेपाने घ्यावे. हा मात्र सावकाश घ्यावा.

पांढरा ई-४, काळा ई-५. पांढरा वजीर लगेच एच-५ वर येतो. आपल्या मुलांना स्पर्धेत हा हल्ला हमखास पाहावा लागतो. वजिराला हुसकावे म्हणून काळ्याने जी-७ वरील प्यादे तत्काळ जी-६ वर टाकले, तर वजीर ई-५ वरील प्यादे मारून शह देतो व नंतर एच-८ वरील हत्ती घेतो. प्यादे हलल्यामुळे जी-७ चे घर रिकामे झाले आणि कोपऱ्यापर्यंतची वाट उघडली. चाल चुकली.

आता पट पूर्ववत मांडावा. वजीर एच-५ वर आला असता काळा प्रथम बी-८ वरील घोडा सी-६ वर आणतो. ई-५ च्या प्याद्याची राखण झाली. पांढरा उंट सी-४ वर येतो. आता वजीर आणि उंट दोघांचाही रोख एफ-७ वर आहे, आणि त्या घरास राजावाचून दुसरा रक्षक नाही. पुढच्या खेळीत मात आहे. या क्षणी जी-६ हीच चाल उत्तम ठरते. वजिराची एफ-७ कडे जाणारी वाट बंद होते आणि त्याला मागे हटावे लागते. तो एफ-३ वर जाऊन पुन्हा एफ-७ वर रोख धरील, तर काळा जी-८ वरील घोडा एफ-६ वर आणून ती वाटही अडवितो. पुढे उंट एफ-८ वरून जी-७ वर आला की प्याद्याने सोडलेले घरही भरून निघते.

माझा विद्यार्थी नेमक्या याच पटावर हरला. त्याने जी-६ ऐवजी घोडा एफ-६ वर काढला आणि वजिराने एफ-७ वर मात दिली. त्याची बुद्धी कमी पडली नव्हती. माझी आज्ञा त्याने अक्षरशः पाळली होती.

एक खेळी आधी जी चाल हत्ती घालविते, तीच एक खेळी नंतर राजा वाचविते. म्हणून “राजाजवळचे प्यादे हलवू नये” हे वाक्य फळ्यावर नियम म्हणून लिहू नये.

ज्या चालीस पुढे मान मिळाला

जी-मधील प्यादे एक घर सरकवून त्याच्या मागे उंट बसविण्याची रचना आज जगभर प्रतिष्ठित मानली जाते. तिच्या नावात आपल्या देशाचे नाव आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास बंगालमधील मोहेशचंद्र बॅनर्जी हे कलकत्त्यास जॉन कॉक्रेन या स्कॉटिश खेळाडूशी वारंवार खेळत. देशी खेळात वाढलेले बॅनर्जी प्यादी एकेक घर पुढे टाकीत आणि उंट तिरप्या वाटेवर बसवीत. अशा डावांवरून या पद्धतीच्या बचावास पुढे ‘भारतीय बचाव’ हे नाव रूढ झाले. त्यांची रचना टिकाऊ होती, कारण प्याद्याने सोडलेल्या घरी उंट पहाऱ्यास बसत असे. तोच उंट मारला गेला, तर राजाभोवतीची घरे उघडी पडतात, हेही वरच्या वर्गातील मुलांना सांगावे.

डाव पुढे गेल्यावरचा विचारही निराळा आहे. किल्लेकोट झालेला राजा जी-१ वर आहे आणि एफ-२, जी-२, एच-२ ही तिन्ही प्यादी जागेवर आहेत, असे समजा. शत्रूचा हत्ती मोकळ्या ओळीने पहिल्या रांगेत उतरला व आड घालण्यास कोणी नसले, तर राजास पळण्यास घरच उरत नाही; स्वतःच्याच भिंतीआड मात होते. अशा वेळी एच-मधील प्यादे एक घर पुढे टाकून राजास चोरवाट ठेवणे शहाणपणाचे असते. परंतु हे काम सवडीचे आहे. घोडे-उंट घरातच बसले असताना पहिल्या पाच-सहा खेळींत हे प्यादे हलविणे बहुधा वेळेचा अपव्यय ठरतो.

विद्यार्थ्यांसाठी तीन प्रश्न

नियमाऐवजी मुलांना पुढील तीन प्रश्न द्यावेत. प्याद्यास हात लावण्यापूर्वी ते मनात म्हणावेत, अशी सवय लावावी.

१. हे प्यादे हलले तर माझ्या राजाकडे किंवा हत्तीकडे जाणारी कोणती वाट उघडते?

२. प्याद्याने सोडलेले घर व त्याच्या आजूबाजूची घरे राखण्यास दुसरे कोण आहे?

३. हेच काम घोडा किंवा उंट बाहेर काढून होईल काय?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर “होय” आले, तर प्यादे हलवू नये. “नाही” आले आणि संकट समोर उभे असेल, तर पहिल्या दोन प्रश्नांचा विचार करून निःशंकपणे हलवावे. वरील तिन्ही पट या प्रश्नांवर घासून पाहावेत. पहिल्या पटात पहिल्याच प्रश्नाने चूक कळते. दुसऱ्यात तिसरा प्रश्न घोड्याकडे बोट दाखवितो. तिसऱ्यात प्रथम घोडा आणि मग प्यादे, असा क्रम आपोआप सापडतो.

वर्गात कसे घ्यावे

साहित्याच्या अभावाची सबब येथे चालणार नाही. जुन्या दिनदर्शिकेच्या कोऱ्या पाठीवर चौसष्ट घरे आखून पट होतो. बाटल्यांच्या झाकणांवर मोहऱ्यांची आद्याक्षरे लिहिली की मोहरी होतात. एका बाजूच्या झाकणांना रंग द्यावा म्हणजे झाले. एक मोठा पट फळ्यावर कायम आखून ठेवावा.

पहिल्या तासिकेस दोन राजे व सोळा प्यादी एवढाच डाव मांडावा. प्यादे मागे येत नाही, याचा अनुभव मुलांना त्यात येतो. दुसऱ्या तासिकेस पहिले दोन पट व तिसऱ्या तासिकेस तिसरा पट घ्यावा. प्रत्येक वेळी खेळी शिक्षकाने सांगू नये. मुलाने सांगावी व कारण द्यावे. खानदेशातील पुष्कळ मुले घरी अहिराणी बोलतात. कारण अहिराणीत सांगितले तरी स्वीकारावे. येथे परीक्षा विचाराची आहे, भाषेची नव्हे.

मूल्यमापनासाठी तिसऱ्या पटाच्या दोन्ही अवस्था शेजारी शेजारी मांडाव्यात आणि विचारावे, “जी-६ ही चाल कोणत्या पटावर करशील, आणि का?” अचूक चाल सांगून कारण न देणाऱ्या मुलापेक्षा, चाल चुकली तरी वाटांचा विचार करून दाखविणाऱ्या मुलास अधिक गुण द्यावेत.

हरलेल्या मुलाशी कसे बोलावे, हे शेवटी सांगितले पाहिजे. डाव हरून आलेले मूल बहुधा एकच प्रश्न विचारते: माझे काय चुकले? त्या वेळी पुढचा डाव तोंडावर असतो, गडबड असते आणि चटकन एखादी मनाई सांगून मोकळे व्हावेसे वाटते. तसे करू नये. पट पुन्हा मांडावा, दोन खेळी मागे जावे आणि वजीर कोणत्या वाटेने आला ते मुलालाच बोटाने दाखवावयास लावावे. दोन मिनिटे लागतात. त्या दिवशी तेवढी दोन मिनिटे मी दिली असती, तर दुसऱ्या डावात त्या मुलाने जी-मधील प्यादे एक घर पुढे टाकले असते, असे मला आजही वाटते.

आपल्या शाळेत हे तीन पट घेऊन पाहावेत, आणि मुलांनी दिलेली निराळी कारणे टिपून पुढील शिक्षण परिषदेस अवश्य आणावीत, अशी विनंती आहे.